वाचक विचारतात: सायकलचं इंजिन चालूच होत नाही, आता काय बदलू?

ह्या वेळी सायकलला टू-स्ट्रोक इंजिनाचं किट बसवणाऱ्यांचीच पत्रं जास्त आहेत आणि तक्रार जवळपास एकच आहे, त्यामुळे पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देतोय. बाकीच्यांनी आधी ते वाचा, अर्ध्या लोकांचं काम तिथेच होईल.

प्रश्न: नमस्कार सर. साध्या सायकलला 80 सीसीचं किट बसवलंय. पेडल मारून स्पीड घेतो, क्लच सोडला की मागचं चाक एकदम जड होतं, इंजिन फिरतं, सायलेन्सरमधून नुसती फुसफुस येते पण पेटत काही नाही. नवीन प्लग टाकला, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला, पेट्रोल पण खालपर्यंत येतंय. आता सीडीआय बदलू की मॅग्नेटो कॉइल? मित्र म्हणतो किटच बोगस आहे.

उत्तर: थांबा, अजून काहीच विकत घेऊ नका. (बाकीच्यांसाठी: मॅग्नेटो कॉइल इंजिन फिरताना करंट तयार करते आणि सीडीआय नावाचा डबा तो ठिणगीसाठी प्लगला सोडतो.) आणि मित्राला सांगा की बोगस फक्त आकडा आहे, 80 सीसी म्हणून विकतात ते इंजिन बहुतेक वेळा 66 सीसीचं असतं (47 मिमी बोर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि 38 मिमी स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल, हिशोब करून बघा). इंजिन मात्र इतकं साधं आहे की त्यात बिघाड लपवायला जागाच नाही.

क्लच सोडल्यावर चाक जड होतं हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. म्हणजे क्लच पकडतोय, इंजिन खरंच फिरतंय आणि थोडंफार कॉम्प्रेशन पण आहे. आता राहिलं काय, तर करंट आणि पेट्रोल. लोक नेमकं इथे उलटं करतात, कार्बोरेटर समोर दिसतो आणि चार स्क्रूत खोलता येतो म्हणून आधी तोच खोलतात. माझं म्हणणं, प्लगला करंट आहे का हे कळेपर्यंत कार्बोरेटरला हात लावू नका.

करंट असा बघा. पेट्रोल कॉक बंद करा. प्लग काढा, तो कॅपमध्ये बसवा आणि प्लगची लोखंडी बॉडी हेडच्या फिन्सला घट्ट टेकवून धरा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगी जवळ असली तर भडका उडू शकतो. प्लगला नुसत्या हाताने धरू नका, शॉक चांगलाच लागतो. मागचं चाक उचलून कुणाला तरी पेडल मारायला सांगा आणि क्लच सोडा. चेन आणि स्प्रॉकेटपासून बोटं लांब. सावलीत किंवा संध्याकाळी बघा, भर उन्हात ठिणगी दिसतच नाही आणि माणूस उगाच कॉइल बदलून बसतो. निळसर, टक-टक आवाज करणारी ठिणगी पाहिजे. पिवळी, बारीक, मधेच गायब होणारी असेल तर ती नसल्यातच जमा, कारण बाहेर हवेत ठिणगी पडणं सोपं असतं, आत कॉम्प्रेशनच्या दाबाखाली तीच ठिणगी मरते.

करंट नसेल तर सगळ्यात आधी हॅन्डलवरच्या किल स्विचची वायर काढून टाका. पूर्ण मोकळी करा, नुसतं बटण ऑन-ऑफ करून उपयोग नाही. किल स्विच करतो काय, तर मॅग्नेटोचा करंट अर्थ करून टाकतो, म्हणजे प्लगला न देता इंजिनाच्या बॉडीत सोडून देतो, आणि ती बारीक वायर क्लॅम्पखाली किंवा टाकीखाली चेपली आणि तिचं प्लॅस्टिक सोललं की बटण न दाबताच इंजिन कायमचं बंद. सगळ्यात जास्त वेळा चोर हाच निघतो आणि खर्च शून्य. त्याचबरोबर इंजिनातून पांढरी वायर बाहेर आली असेल आणि त्यावर हेडलाईट जोडला असेल तर तोही काढा, त्या वायरवर लोड टाकला की प्लगचा करंट कमजोर होतो. सीडीआयकडे फक्त दोनच वायर जायला पाहिजेत, निळीला निळी आणि काळीला काळी. किटबरोबर येतात त्या दाबून बसवायच्या पिना मला अजिबात आवडत नाहीत, व्हायब्रेशनने ढिल्या होतात. सोल्डर करा नाहीतर निदान वायर नीट पिळून त्यावर टेप मारा.

तरीही करंट नाही? मग मल्टिमीटर काढा, 2000 ओमच्या रेंजवर ठेवा, सीडीआय सोडवा आणि इंजिनातून येणाऱ्या निळ्या-काळ्या वायरमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण 300 ते 400 च्या आसपास आकडा आला तर मॅग्नेटो कॉइल ठीक समजायची. मीटर काहीच दाखवत नसेल तर आत तार तुटलीय, शून्याजवळ आला तर शॉर्ट आहे. पण लगेच नवीन कॉइल आणू नका, बाजूचं कव्हर उघडून बघा, कितीतरी वेळा वायरचा टाका सुटलेला असतो, नाहीतर कॉइलचे दोन स्क्रू ढिले होऊन अर्थ गेलेला असतो, किंवा आत पाणी शिरून गंज चढलेला असतो. गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, सुकवा, स्क्रू आवळा, परत मोजा. कॉइल बरोबर, जोडण्या बरोबर, किल स्विच मोकळा आणि तरीही करंट नाही, तेव्हा कुठे सीडीआयवर संशय घ्यायचा. आणि त्याआधी प्लगची कॅप पिळून काढून परत वायरवर आवळून बसवा, आतला स्क्रू वायरच्या तारांत रुतलेला असावा लागतो, तो नुसता रबरात बसलेला असतो आणि आपण सीडीआयला शिव्या देत असतो.

आता समजा करंट झकास आहे. तर बराच वेळ पेडल मारल्यावर लगेच प्लग काढून बघा, ओला की कोरडा. ओला चिंब असेल तर पेट्रोल ओव्हर झालंय, कॉक बंद करा, प्लग बाहेर ठेवून आणि त्याची कॅप बाजूला नीट अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून इंजिन फिरवा म्हणजे आतलं पेट्रोल उडून जाईल, प्लग पुसा, गॅप 0.6 ते 0.7 मिमी करा आणि चोक न लावता चालू करा. हे रोज होत असेल तर फ्लोटची सुई (कार्बोरेटरची वाटी भरली की पेट्रोल थांबवते ती) गळतेय. रात्रभर कॉक उघडा राहिला की पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये भरतं, म्हणून उभी करताना कॉक बंद करायची सवय लावाच.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल आत पोचत नाहीये. तुम्ही म्हणता ‘खालपर्यंत येतंय’, पण पाईपमध्ये येणं आणि जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरमधल्या बारीक भोकाच्या तुकड्यातून, जाणं ह्यात फरक आहे. चाचणी सोपी: प्लगच्या भोकात ऑइल मिसळलेल्या पेट्रोलचे चार-पाच थेंब टाका (नुसतं पेट्रोल नको, पिस्टनच्या रिंग कोरड्या पडतात), प्लग लावा आणि पेडल मारा. दोन-चार सेकंद भडभड करून बंद पडलं तर करंट, टायमिंग, कॉम्प्रेशन सगळं पास, गुन्हेगार कार्बोरेटर किंवा त्याच्या आधीचा रस्ता. मग जेट खोला, उजेडासमोर धरा, भोक आरपार गोल दिसलं पाहिजे. वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घालून साफ करा, लोखंडी पिन घालू नका, भोक मोठं होतं आणि मग आयुष्यभर ट्यूनिंग करत बसा. कार्बोरेटर धुताना स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा तुकडा) परत नीट बसली का तेही बघा, स्लाइडच्या खाचेत बॉडीतली पिन बसावी लागते आणि कापलेली बाजू एअर फिल्टरकडे पाहिजे. उलटी बसली की थ्रॉटल खाली येतच नाही. अशी चालू झाली तर सुसाट सुटेल, तेव्हा हे आधी तपासा. तुम्ही दोनदा खोललाय म्हणून मुद्दाम सांगतोय.

थेंब टाकूनही काहीच नाही आणि करंट मात्र आहे? तर मॅग्नेटचा रोटर शाफ्टवर ज्या छोट्या चावीने बसतो ती चावी कापली गेलीय का बघा. चावी गेली की ठिणगी पडते पण भलत्या वेळी. आणि हेडचे नट क्रॉसमध्ये आवळलेत ना? किट तसंच्या तसं बसवणारे हे विसरतात.

प्रश्न: दादा, माझं उलटं आहे. क्लच सोडला तरी सायकल मस्त हलकी पळते, इंजिन फिरतच नाही. करंट कसा बघू?

उत्तर: करंट बघूच नका, तुमचा क्लच पकडत नाहीये. लिव्हर सोडल्यावर इंजिनावरच्या क्लच आर्मला एक-दोन मिमी तरी मोकळीक पाहिजे, केबल ताणलेली असेल तर क्लच कायम अर्धा दाबलेला राहतो. केबल ढिली करून फरक नाही पडला तर उजव्या बाजूचं कव्हर उघडा, पाकळ्यांसारख्या कडा असलेला फ्लॉवर नट दिसेल, त्याचा छोटा लॉक स्क्रू काढा, लिव्हर दाबून नट अगदी किंचित घट्ट करा, स्क्रू परत लावा. पॅडवर ग्रीस उडालेलं असेल तर ते पुसून पॅड थोडे घासा. त्या गिअरला ग्रीस लागतं पण चिमूटभर, लोक डबाच ओततात.

प्रश्न: थंड इंजिन एका दमात चालू होतं. दहा-पंधरा मिनिटं चालवलं की बंद, मग अर्धा तास हात लावू देत नाही. थंड झालं की परत ठणठणीत.

उत्तर: बंद पडलं की त्याच क्षणी दोन गोष्टी बघायच्या, घरी येऊन नाही. एक, टाकीचं झाकण उघडा. सूं करून हवा आत गेली आणि मग इंजिन चालू झालं तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, टाकीत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल खाली उतरत नाही. दोन, तसं नसेल तर गरम असतानाच करंट तपासा. गरम असताना गायब आणि थंड झाल्यावर हजर म्हणजे कॉइल किंवा सीडीआय गरम होऊन सोडतोय. गरम असतानाच मीटरने कॉइल मोजली तर दोघांपैकी कोण ते बहुतेक कळतं. सीडीआय सायलेन्सरजवळ बसवला असेल तर आधी तिथून हलवा.

प्रश्न: सहा महिने सायकल तशीच उभी होती. टाकीत जुनं मिक्स पेट्रोल आहे, तेच वापरू की टाकून देऊ? आणि ऑइल किती टाकायचं, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

उत्तर: वापरू नका. इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जाऊन मागे ऑइलचा चिकट थर राहतो, तोच जेट बंद करतो. टाकी, पाईप, वाटी सगळं रिकामं करा, ताजं भरा. जुनं पेट्रोल गटारात ओतू नका हे वेगळं सांगायला नको. सायलेन्सरचं तोंडही बघा, उभ्या गाडीत किडे घर करतात आणि एक्झॉस्ट बुजला की टू-स्ट्रोक चालू होत नाही.

ऑइलचं म्हणाल तर नवीन इंजिनाला सुरुवातीला किटवाले 16:1 सांगतात, म्हणजे एक लिटरला साधारण 62 मिली टू-टी (टू-स्ट्रोक) ऑइल. रिंग बसल्या की 20:1, म्हणजे 50 मिली. चांगलं ऑइल असेल तर काही जण 25:1 वर पण चालवतात, मी स्वतः 20 वरच थांबेन. ऑइल अंदाजाने ओतू नका, मापाने टाका, आणि टाकीत नाही तर बाहेर डब्यात मिसळून मग भरा, नाहीतर ऑइल तळाला बसतं आणि पहिला घोट कार्बोरेटरला निव्वळ ऑइलचा जातो.

प्रश्न: चोक वर ठेवला तरच इंजिन चालू राहतं, खाली केला की मरतं.

उत्तर: ह्या कार्बोरेटरला दांडी वर म्हणजे चोक लागलेला, खाली म्हणजे उघडा, तेव्हा तुमचं इंजिन पेट्रोल कमी आणि हवा जास्त घेतंय. कार्बोरेटर मॅनिफोल्डवर आतपर्यंत ढकलून क्लॅम्प आवळलाय का, मॅनिफोल्डचं गॅस्केट फाटलंय का, हे आधी. ते ठीक असेल तर जेट अर्धवट बुजलाय. त्यानंतरच स्लाइडमधल्या सुईची क्लिप एक खाच खाली घ्या म्हणजे सुई वर येईल आणि पेट्रोल वाढेल. चोक लावूनच चालवत राहू नका. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल पण कमी, आणि हवेची गळती तशीच ठेवली तर पिस्टन जाम होतो.