वाचकांचे प्रश्न : पाहावी अशी मालिका कोणती?

प्रश्न : गेल्या दिवाळीत आमच्या घरी सर्व मंडळी जमली असताना आजवरची सर्वोत्तम मालिका कोणती, यावर मोठा वाद झाला. माझे थोरले बंधू 'बुनियाद'चे नाव सोडावयास तयार नव्हते. सौभाग्यवतींच्या मते 'आभाळमाया'नंतर मराठीत तशी मालिका झालीच नाही. औषधांच्या कारखान्यात काम करणारा मुलगा 'ब्रेकिंग बॅड'पुढे दोन्ही फिक्या ठरवीत होता. आपण निर्णय द्यावा, आणि आम्हा सर्वांना एकत्र बसून पाहता येईल अशी एक मालिकाही सुचवावी. (एक निवृत्त शिक्षक, दांडिया बाजार, बडोदे)

उत्तर : आपल्याकडील वाद मिटला नाही, कारण या तीन मालिका तीन निरनिराळ्या पद्धतींनी तयार झाल्या आहेत आणि पद्धत बदलली की गुणही बदलतात. 'बुनियाद' १९८६ साली दूरदर्शनवर सुरू झाली. लाहोरच्या लाला हवेलीराम आणि लाजोजी यांचे कुटुंब फाळणीत कसे उखडले गेले आणि पुन्हा कसे रुजले, याची ही कथा मनोहर श्याम जोशी या एकाच लेखकाने लिहिली, आणि रमेश सिप्पी यांच्यासारख्या चित्रपटातील दिग्दर्शकाने ती हाती घेतली. त्या काळी भाग रोज नव्हे, तर ठरलेल्या वारी येत, त्यामुळे लेखकाला विचार करावयास आणि प्रेक्षकाला वाट पाहावयास वेळ मिळत असे. आपल्या बंधूंच्या मनावर ती मालिका अजून आहे, यात त्या वाट पाहण्याचाही वाटा आहे, असे मला वाटते.

'आभाळमाया' १९९९ साली, म्हणजे अल्फा टीव्ही मराठी ही वाहिनी सुरू झाली त्याच वर्षी आली. बडोद्यातील मराठी घरांना या घटनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. मुंबई दूरदर्शन केंद्र १९७२ पासून मराठी कार्यक्रम दाखवीत होते, परंतु त्याचे प्रक्षेपण येथील अँटेनापर्यंत पोहोचत नव्हते. माझ्या आईने तोवर मराठी मालिका पाहिल्या त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेल्यावर. केबलवर अल्फा दिसू लागली तेव्हा रावपुऱ्यातील आमच्या जुन्या घरात संध्याकाळच्या स्वयंपाकाची वेळ बदलली. सुकन्या कुलकर्णी यांची सुधा जोशी ही नोकरी करणारी, विचार करणारी बाई होती. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे हे कळल्यानंतर ती आकांडतांडव करीत नाही आणि क्षमेचे नाटकही करीत नाही, आपले काम आणि आपला आत्मसन्मान सांभाळून उभी राहते. त्या वेळी हिंदी वाहिन्यांवर कटकारस्थाने करणाऱ्या सासवांचा काळ सुरू होत होता, आणि शेजारच्याच मराठी वाहिनीवर सुधा होती. आपल्या सौभाग्यवतींचे मत केवळ आठवणींच्या ओढीतून आलेले नाही.

आता चिरंजीवांच्या मताकडे वळतो. 'ब्रेकिंग बॅड' २००८ ते २०१३ या काळात पाच पर्वांत आणि एकूण ६२ भागांत पूर्ण झाली. कर्करोग झालेला रसायनशास्त्राचा एक शिक्षक कुटुंबासाठी पैसा मागे ठेवण्याचे कारण पुढे करून अमली पदार्थ बनवू लागतो आणि पाहता पाहता त्या कामातच त्याला स्वतःचा मोठेपणा सापडतो. येथे एक हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. आपली दैनंदिन मालिका आठवड्याला सहा भाग दाखविते. जाहिराती वगळता एक भाग साधारण २२ मिनिटांचा असतो, म्हणजे वर्षाला ३०० भाग धरले तरी सुमारे ११० तास होतात. 'ब्रेकिंग बॅड'ची पाचही पर्वे मिळून ५० तासांच्या आसपास भरतात, आणि तेवढ्यासाठी लेखकांना सहा वर्षे मिळाली. तिचे कर्ते विन्स गिलिगन यांनी प्रत्येक प्रसंग आधी ठरविला होता असे मुळीच नाही. शेवटच्या पर्वाच्या आरंभी नायक मशिनगन विकत घेताना दिसतो, आणि ते दृश्य लिहिले तेव्हा ती कोणावर चालणार हे लेखकांनाही ठाऊक नव्हते. ठरलेली होती ती दिशा. हा मनुष्य खाली उतरत जाणार आणि एक दिवस ही कथा थांबणार, हे पहिल्या भागापासून निश्चित होते.

माझी कसोटी हीच आहे. ज्या मालिकेला आपण कोठे चाललो आहोत हे माहीत असते, तीच चांगली होऊ शकते. कादंबरीची शेवटची शंभर पाने नुसती भर घातलेली असतील, तर आपण तिला थोर म्हणत नाही. मालिकेला ही सूट का द्यावी, हे मला कधी कळले नाही. या कसोटीने बांधणीच्या बाबतीत मी चिरंजीवांच्या बाजूने कौल देतो. त्यांनी अद्याप पाहिली नसेल तर 'द वायर' अवश्य पाहावी. २००२ ते २००८ मधील या ६० भागांत बाल्टिमोर हे एक शहरच नायक आहे. पहिल्या पर्वात पोलीस आणि अमली पदार्थांचा धंदा, मग बंदर, मग नगराचे राजकारण, मग शाळा आणि अखेरीस वृत्तपत्र अशा रीतीने एकेका पर्वात शहराचे एकेक अंग उघडे होते. तिचे कर्ते डेव्हिड सायमन त्याच शहरात वार्ताहर होते, आणि सहलेखक एड बर्न्स यांनी तेथेच आधी पोलीस खात्यात आणि नंतर शाळेत नोकरी केली होती. मला स्वतःला ही मालिका सर्वांत श्रेष्ठ वाटते. पहिले चार भाग मात्र धीराने पाहावे लागतात, आणि भाषा इतकी रांगडी आहे की घरातील वडीलधाऱ्यांसमोर ती लावता येणार नाही.

सर्वांनी एकत्र पाहण्यासाठी मी 'उंच माझा झोका' सुचवितो. झी मराठीवर मार्च २०१२ ते जुलै २०१३ या काळात ती दाखविली गेली. रमाबाई रानडे यांचे हे चरित्र आहे, त्यामुळे मार्ग आणि मुक्काम दोन्ही इतिहासानेच ठरवून दिले होते. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने विधवेशी विवाह करावा अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकविली आणि अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. मग त्याच मुलीला त्यांनी अक्षरओळखीपासून इंग्रजीपर्यंत शिकविले, आणि घरातील स्त्रियांनी तिच्या शिकण्याला कसून विरोध केला. याहून मोठे नाट्य कोणता पटकथाकार कल्पनेतून उभे करणार? बाल रमेच्या भूमिकेत तेजश्री वालावलकर आणि पुढे स्पृहा जोशी आहेत, आणि विक्रम गायकवाड यांनी रानडे यांचा संकोच व करारीपणा दोन्ही सांभाळले आहेत. मधल्या काही महिन्यांत कथानक रेंगाळते, हे मी लपवीत नाही. परंतु ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानासाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले आणि त्यात मुलींनाही घेतले, त्या शहरातील तीन पिढ्यांनी ही मालिका एकत्र पाहिली तर बोलावयास विषय कमी पडणार नाहीत.

प्रश्न : मी एक मराठी मालिका दोन वर्षे नेमाने पाहिली. तिसऱ्या वर्षी नायिका बदलली, मेलेले पात्र परत आले, कथा एकदम सात वर्षे पुढे गेली आणि मग आठवडाभरात मालिका बंद झाली. मी वाहिनीला दोन पत्रे पाठविली. असे का करतात, आणि आमच्या मताला काही किंमत असते का? (एक गृहिणी, वाडी, बडोदे)

उत्तर : आपला राग योग्य आहे. दोन वर्षे म्हणजे आपल्या आयुष्यातील २०० तासांहून अधिक वेळ आपण त्या कथेला दिला होता.

दैनंदिन मालिकेचे पोट दर आठवड्याच्या टीआरपीवर चालते. 'बार्क' ही संस्था २०१५ पासून निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचांना मापक जोडून हे आकडे देते, आणि दर गुरुवारी ते हाती येताच वाहिनी, निर्माता आणि लेखक यांची बैठक बसते. आकडा घसरला की चालू 'ट्रॅक', म्हणजे त्या वेळचे उपकथानक, गुंडाळला जातो, कोणाचे तरी अपहरण होते किंवा 'लीप' घेतला जातो, म्हणजे कथा एकदम काही वर्षे पुढे नेली जाते. चित्रीकरण झालेल्या भागांची शिल्लक अनेकदा थोड्याच दिवसांची असते, म्हणून आज ठरलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात पडद्यावर दिसते. कलाकार सोडून गेला तर कथा थांबविता येत नाही, मग चेहरा बदलतो. उलट आकडा चांगला असेल तर कथा संपली असतानाही मालिका संपू दिली जात नाही. 'श्रीमोयी' ही बंगाली मालिका २०१९ साली सुरू होऊन २०२१ च्या अखेरीस संपली. तिच्यावरून मराठीत आलेली 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत चालली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती घर सोडून स्वतःच्या पायावर उभी राहते तोपर्यंतचा भाग मी मनापासून पाहिला. त्यानंतर तिला नवी संकटे पुरविण्याचे काम चालू राहिले.

आपल्या मताविषयी खरे सांगावयाचे तर मराठी वाहिन्यांची क्रमवारी महाराष्ट्र आणि गोवा या बाजारपेठेतील आकड्यांवर लागते. बडोदे, इंदूर आणि ग्वाल्हेर येथील लक्षावधी मराठी माणसे मालिका पाहतात, पण त्या क्रमवारीत त्यांचा हिशेब नाही. हे मला अन्यायाचे वाटते आणि वाहिन्यांनी ते बदलावे अशी माझी मागणी आहे. तोवर आपल्या हाती एक उपाय आहे. मालिका चालू असताना तिच्यात गुंतू नये. ती पूर्ण होऊ द्यावी, शेवट कसा झाला ते ऐकावे आणि मग मोबाइलच्या पडद्यावर किंवा स्मार्ट टीव्हीवर सलग पाहावी. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेली 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाली आणि लोकप्रियता भरात असताना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संपली. त्यांचीच 'अग्निहोत्र' थोडी मोठी आहे, पण नाशिकच्या वाड्यातील विखुरलेले कुटुंब आणि आठ गणपतींचा शोध ही दोन सूत्रे तिने अखेरपर्यंत हातची सुटू दिली नाहीत. आपण 'अग्निहोत्र'पासून आरंभ करावा.

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांच्या सांगण्यावरून गुन्हेगारीच्या वेब मालिका पाहू इच्छितो. नाही म्हटले तर चोरून पाहील, अशी भीती वाटते. (एक आई, फतेगंज)

उत्तर : २०२१ च्या नियमांनुसार प्रत्येक वेब मालिकेवर सर्वांसाठी, ७, १३ किंवा १६ वर्षांवरील आणि फक्त प्रौढांसाठी यांपैकी वर्ग दाखविणे बंधनकारक आहे, तसेच १३ वर्षांवरील व त्यापुढच्या वर्गांसाठी कुलूप लावण्याची सोय देणेही बंधनकारक आहे. ते कुलूप अवश्य लावावे आणि लावले आहे हे मुलाला सांगावे. त्याच्याबरोबर बसून 'रॉकेट बॉईज' पाहता येईल. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांच्यावरील ही मालिका २०२२ आणि २०२३ अशा दोन पर्वांत पूर्ण झाली आहे. पहिला भाग आपण आधी एकट्याने पाहावा. त्यातील रझा मेहदी हे पात्र काल्पनिक आहे, हे मुलाला सांगून ठेवावे, अन्यथा तो इतिहास चुकीचा शिकेल.

प्रश्न : माझी नात इंग्रजी शाळेत जाते, मैत्रिणींशी गुजराती बोलते, आणि मराठी समजत असूनही उत्तर हिंदीत देते. मालिकांनी तिचे मराठी सुधारेल का? (एक आजी, मांजलपूर)

उत्तर : ऐकण्याने कान तयार होतो, म्हणून थोडा उपयोग निश्चित होईल, मात्र मालिका निवडून घ्यावी लागेल. आजच्या बहुतेक दैनंदिन मालिकांत एकच वाक्य तीन चेहऱ्यांवर तीनदा फिरते आणि शब्दसंपत्ती अगदी तोकडी असते. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये मालवणी आणि 'तुझ्यात जीव रंगला'मध्ये कोल्हापुरी बोली आहे. दोन्ही गोड आहेत, परंतु ज्या मुलीचे प्रमाण मराठीच पक्के नाही तिने त्यांपासून सुरुवात करू नये.

तिला 'गोट्या' दाखवावी. ना. धों. ताम्हनकरांच्या कथांवरील या जुन्या मालिकेतील मुले स्वच्छ, साधे मराठी बोलतात आणि भाग छोटे आहेत. त्यानंतर 'चिमणराव गुंड्याभाऊ'चे जे भाग मिळतील ते पाहावेत. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी रंगविलेली ही जोडी साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाची झाली, पण तिचे जनक चिं. वि. जोशी बडोदे कॉलेजात पाली भाषा शिकवीत आणि पुढे संस्थानच्या दफ्तरखात्यात अधिकारी होते. चिमणराव आपल्या गावात लिहिला गेला, हे नातीला आवर्जून सांगावे. ही नाट्यमय मालिका नव्हे, विनोदी आहे. तिला हसू आले म्हणजे तिला मराठी कळले, आणि मग पुढचा भाग लावण्यापूर्वी मागच्या भागात काय झाले ते तिने आपल्याला मराठीत सांगावे, एवढा एकच नियम ठेवावा.