अवयवदानाचं विचारलं, म्हणजे उपचार सोडले का?

प्रश्न : धाकटा भाऊ अंबड रस्त्यावर दुचाकीवरून पडला. संभाजीनगरच्या एका खाजगी दवाखान्यात व्हेंटिलेटरवर आहे. तिसऱ्या दिवशी एका बाईंनी बाजूला घेऊन अवयवदानाचं विचारलं. आमचा माणूस अजून श्वास घेतोय. दवाखान्यावर केस करता येईल का? आणि दान केलं तर बिल माफ होईल का?

भाऊ, छाती वरखाली होतेय, पाय गरम लागताहेत, आई तळवे चोळतेय आणि त्यातच कुणी हा विषय काढतं. राग येणारच. पण नुसतं विचारलं म्हणून केस उभी राहत नाही. 1994 च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून नोंदणीकृत रुग्णालयाच्या आयसीयूतल्या रुग्णाने आधी दानाची संमती दिली होती का, हे नातेवाइकांना विचारणं आणि दिली नसेल तर दानाचा पर्याय सांगणं हे डॉक्टरांचं आणि समन्वयकांचं कर्तव्यच आहे. त्या बाई बहुतेक समन्वयक, म्हणजे दानाबद्दल नातेवाइकांशी बोलणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचारी, असाव्यात.

विचारायला मुभा आहे, पण मेंदूमृत्यूचा (मेंदूचं काम कायमचं थांबलंय, श्वास फक्त मशीनवर चालतोय, याचा) दाखला झाल्याशिवाय अवयवाला हात लावता येत नाही. तुमचं खरं बळ इथं आहे. दाखल्यावर चार डॉक्टरांच्या सह्या लागतात: रुग्णालयाचे प्रमुख, सरकारमान्य यादीतले (पॅनेलवरचे) स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा न्यूरोसर्जन (ते नसतील तर कायद्याने चालणारे दुसरे तज्ज्ञ) आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर यात चालत नाही. मेंदूमृत्यूच्या तपासण्या दोनदा होतात, मधे किमान सहा तास जावे लागतात. म्हणून आधी एवढंच विचारा, "पहिली तपासणी किती वाजता झाली, दुसरी किती वाजता?" उत्तर मिळत नसेल तर सही करू नका. लेखी मागा, आणि तरीही टाळाटाळ झाली तर राज्याच्या समुचित प्राधिकरणाकडे (या कायद्याखाली रुग्णालयांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) तक्रार करा.

दाखला झाला तरी संमतीची सक्ती नाही. पत्नी, आई-वडील, भाऊ-बहीण सगळे जवळचे नातेवाईक धरले जातात. तुमचा विरोध असेल तर मनात ठेवू नका, स्पष्ट सांगा. एकानं सही करायची आणि दुसऱ्यानं आयुष्यभर बोलायचं, असं घरात होऊ देऊ नका.

बिलाचं मात्र नीट ऐका. संमतीनंतर शरीर सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च तुमच्यावर येत नाही. आधीच्या उपचारांचं बिल वेगळं. अवयवांच्या बदल्यात ते माफ करतो असं कुणी म्हणालं, तर तो सौदा झाला. त्याला पाच ते दहा वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी रुपये दंड आहे. अवयव कुणाला द्यायचे हेही दवाखाना मनाने ठरवत नाही, अवयववाटप पाहणाऱ्या विभागीय समन्वय समितीच्या प्रतीक्षायादीनुसार ठरतं.

अपघाताची केस आहे, म्हणून पोलिसांना कळवणं आणि शवविच्छेदन टळत नाही. दान आणि ही प्रक्रिया यांचा मेळ रुग्णालयानेच घालायचा असतो.

आज संध्याकाळी राउंडला डॉक्टर आले की वहिनींना सोबत घेऊन जा. दोन्ही तपासण्यांच्या वेळा स्वतःच्या वहीत लिहून घ्या.