मेकाँगच्या होडीत सासूबाई

प्रश्न : जानेवारीत व्हिएतनामला चाललोय. होचिमिन्ह सिटीहून मेकाँग डेल्टा एका दिवसात होतो का? सोबत सासूबाई आहेत, गुडघे दुखतात, त्यात शुद्ध शाकाहारी.

उत्तर : होतो की! डेल्टातलं 'मी थो' हे शहर साधारण ७० किमीवर आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत, पुढे मोटरबोटीने बेटांवर आणि बेन त्रेला. 'काय रांग'चा तरंगता बाजार मात्र यात बसवू नका, तो 'कान थो' शहराजवळ, पहाटेच भरतो, त्याला मुक्काम हवा. जानेवारी कोरडा सीझन, त्यामुळे पावसाची फार काळजी नाही. ग्रुप आठ-दहा जणांचाच बघा, चाळीस जणांच्या बसमध्ये निम्मा दिवस माणसं मोजण्यातच जातो. खरी मजा अरुंद कालव्यात, दोन्हीकडून निपा पामच्या झावळ्या आणि वल्ह्याची छोटी होडी, पण ती डुगडुगते आणि खूप खाली बसावं लागतं, तेव्हा सासूबाईंना आधी विचारा, नसेल जमत तर मोठ्या बोटीतच बसू द्या. जेवणाचं बुकिंग करतानाच 'आन चाय' सांगा, म्हणजे शाकाहारी (चहा नाही मिळणार!), आणि फिश सॉस नको हेही, तो भाजीतही असतो. नारळाची टॉफी भारी चिकट, कवळी असेल तर जपून.