वाफ्याला बूड नको

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो. मागे थोडं अंगण आहे, माती काळी, पावसाळ्यात नुसता चिखल आणि मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा. आता रेज्ड बेड करायचा विचार आहे, ८ बाय ४ फुटाचा, एक फूट उंच. मिस्त्री म्हणतो खाली कोबा करून विटांचा पक्का हौद बांधून देतो, माती वाहून जाणार नाही. करू का? माती किती लागेल?

उत्तर: अहो कोबा अजिबात नको! मिस्त्रीला वाफा आणि हौद एकच वाटतो, त्याचा दोष नाही, पण मी हे करून बसलेय म्हणून सांगते. माझ्या पहिल्या वाफ्याला असाच छान घोटलेला तळ होता, जुलैत लागोपाठ चार दिवस पाऊस झाला आणि वांग्याची रोपं पिवळी पडायला लागली, मला वाटलं खत कमी पडलं म्हणून अजून खत घातलं 😅 शेवटी एक रोप उपटलं तर मुळं काळी आणि नालीसारखा वास. मग छिन्नी-हातोडी घेऊन तळ फोडायला दोन रविवार गेले.

आपल्या माळव्याची काळी माती पाणी सोडतच नाही, फुगते, आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. वाफा उंच करायचा तो मुळांजवळचं जास्तीचं पाणी खाली निघून जावं म्हणून, आणि बूडच बंद केलं तर मग उंच कशाला करायचा? याच फुगण्या-आकसण्यामुळे काळ्या मातीवर नुसत्या ठेवलेल्या विटा वर्षभरात वाकड्या होतात, म्हणून वीतभर चर खणा, मुरूम ठोकून भरा, त्यावर विटा, आणि सर्वात खालच्या थरात दोन-दोन फुटांवर पाणी निघायला फट सोडा. मी आता विटाही नाही वापरत, घराच्या कामातून उरलेल्या कोटा फर्शीच्या पट्ट्या उभ्या गाडल्यात, एक तृतीयांश जमिनीत.

चार फूट रुंदी ठीक आहे पण दोन्हीकडून हात पोचला पाहिजे, कंपाउंडच्या भिंतीला लागून असेल तर दोनच फूट ठेवा, आणि घराच्या भिंतीला तर चिकटवूच नका, ओल आत येते मग घरातले बोलतात.

माती: ८ बाय ४ बाय १ म्हणजे ३२ घनफूट, तेलाचे १५ लिटरचे डबे असतात ना, ते साधारण ६०. त्यात ३० डबे तुमचीच काळी माती, ढेकळं फोडून, २० डबे कंपोस्ट, बाकी सुका पाला आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). थोडीशी वाळू घालून काळी माती भुसभुशीत होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, वाळल्यावर वीट होते नुसती. मोकळी करतं ते कंपोस्टच, आणि ओला-सुका कचरा वेगळा करायची आपल्याला सवय आहेच, तर तो ओला घरीच जिरवा. शेणखत मात्र कुजलेलंच, कच्च्यात हुमणी येते, म्हणजे मुळं खाणारी अळी. शेणाचा वास येतोय तोवर थांबा.

भरण्याआधी खालची जमीन कुदळीने फूटभर खोदून घ्या. पहिल्या पावसाळ्यानंतर माती तीन-चार इंच बसेल, घाबरू नका, ऑक्टोबरमध्ये वरून कंपोस्ट घालायचं आणि मेथी-पालक टाकायचा. उन्हाळ्यात उंच वाफा लवकर सुकतो तेव्हा वर पाल्याचा थर हवाच.

प्रश्न: जुन्या लाकडी फळ्यांची चौकट चालेल का? आणि त्यात गराडू (आपल्याकडे तळून खातात तो कंद) होईल का? (लोकमान्य नगरचे एक काका)

उत्तर: काका, साधं लाकूड दीमक खाईल, एक-दोन वर्षं टिकलं तरी पुष्कळ. आणि कुणी रेल्वेचे जुने स्लीपर देतो म्हणालं तर भाजीसाठी घेऊ नका, ते टिकावेत म्हणून क्रिओसोट, म्हणजे विषारी डांबरी तेल, पाजलेलं असतं.

गराडू जरूर लावा. जूनमध्ये डोळा असलेला तुकडा पुरायचा, वेलाला काठी किंवा जाळी द्यायची. फूटभर माती त्याला पुरत नाही, पण वाफ्याला बूड नसलं आणि खालची जमीन खोदलेली असली की कंद आपला आपण खाली उतरतो. थंडीत वेल पिवळा पडून सुकला की काढा, बाजूने खणत या, नाहीतर कुदळीने अर्धा तिथेच राहतो. आणि सोलताना हाताला तेल लावा हो, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत आपल्याला आयता तळून मिळतो म्हणून खाज कळत नाही.