पार्कमधल्या रांगा: सकाळचा पहिला तास कुठल्या राइडला द्यायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुट्टीच्या गर्दीत एकच दिवस हातात आहे, सोबत दहा वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि आजी. अशा वेळी गेट उघडल्याबरोबर पार्कमधल्या सगळ्यात गाजलेल्या रोलर कोस्टरकडे धावावं का, आणि जादा पैसे भरून फास्ट पास, म्हणजे साधी रांग टाळून पुढे सोडणारा पास, घ्यावा का?

पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नको' असं आहे. गेटमधून आत आलेले निम्मे लोक त्याच कोस्टरकडे धावत असतात हे एक कारण झालं, पण खरं कारण वेगळं आहे. किती थांबावं लागेल हे राइड किती प्रसिद्ध आहे यावर थेट ठरत नाही. पुढे किती माणसं उभी आहेत आणि ती राइड तासाला किती जणांना बसवते, एवढा साधा भागाकार त्यामागे असतो. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये रांगांबद्दलचा जो नियम सिद्ध केला, त्याचा व्यवहारातला अर्थ हाच.

उदाहरण घ्या. 24 जणांची कोस्टरची गाडी दर दीड मिनिटाला सुटत असेल, तर तासाला 40 फेऱ्या म्हणजे 960 माणसं. आता मुलांच्या भागातली एखादी गोल फिरणारी छोटी राइड बघा. 16 जागा, दोन मिनिटं फिरणार, पण आधीच्यांना उतरवायला, नवीन मुलांना बसवायला आणि प्रत्येकाचा पट्टा तपासायला आणखी तीन मिनिटं. म्हणजे तासाला 12 फेऱ्या, 192 माणसं. दोन्हीकडे दीडशे माणसं उभी असली, तर कोस्टरला दहा मिनिटांच्या आत नंबर लागतो आणि छोट्या राइडला पाऊण तासाहून जास्त वेळ जातो. डिस्नेलँडमधली पीटर पॅनची राइड 1955 पासून चालू आहे, दिसायला साधी आणि सौम्य, तरी तिथली रांग हटत नाही, कारण एका वेळी बसणारी माणसं थोडी. उलट 1969 पासूनचं तिथलं भुताटकीचं घर, हाँटेड मॅन्शन, यात गाड्यांची साखळी न थांबता सरकत राहते. तशी रांग लांबून बघून घाबरू नका, ती चालतच असते.

म्हणून सकाळचा पहिला तास कमी माणसं बसवणाऱ्या राइडना द्या. त्या ओळखायला आकडे शोधत बसायची गरज नाही. गाडी पूर्ण थांबवून माणसं चढवतात का, एका गाडीत किती जागा आहेत, आणि एक गाडी सुटल्यावर दुसरी किती वेळानं सुटते, एवढं बघितलं की कळतं. कोस्टरवर एरवी दोन गाड्या धावतात आणि आज एकच दिसतेय, तर त्या रांगेची लांबी मनात दुप्पट धरा. (गर्दी कमी असेल अशा दिवशी पार्कवाले मुद्दाम गाडी कमी करतात. त्यामुळे 'आज गर्दी नाही' आणि 'आज रांग नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.) गाजलेली कोस्टरही संथ चालणारी असेल, तर मात्र खुशाल आधी तिकडे जा.

पहिला तास मिळवायचा तर गेट उघडायच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर उभं राहावं लागतं. तिकीट आधीच काढलेलं, पिशव्या कमीत कमी, पार्कचं अ‍ॅप चालू. पार्कच्या हॉटेलात उतरलेल्यांना लवकर आत सोडत असतील, तर त्यांच्यासाठी कुठल्या राइड आधी उघडतात ते बघा आणि तुम्ही दुसरीकडून सुरुवात करा. त्या राइडना तुम्ही पोचण्याआधीच रांग लागलेली असते.

अ‍ॅपवरच्या वेळेबद्दल. बऱ्याच पार्कमध्ये ती थोडी फुगवून लावतात, म्हणजे चाळीस मिनिटं वाचून उभा राहिलेला माणूस तिसाव्या मिनिटाला बसला की खूश होतो. पण दुसरी गोष्ट कमी जणांच्या लक्षात येते: ती वेळ बऱ्याचदा शिळी असते. काही ठिकाणी रांगेत शिरणाऱ्या एखाद्याच्या हातात कार्ड देतात आणि तो राइडपाशी पोचला की ते घेऊन वेळ मोजतात. म्हणजे बोर्डावर दिसतो तो आधी शिरलेल्या माणसाचा अनुभव. सकाळी रांगा वाढत असताना प्रत्यक्षात बोर्डापेक्षा जास्त थांबावं लागू शकतं, आणि संध्याकाळी त्या ओसरत असताना कमी. दहाच्या सुमाराचे वीस आणि रात्री आठचे वीस एकसारखे समजू नका.

साधारण अकरा ते चार हा रांगांचा वाईट काळ. या वेळात मोठ्या राइडशी झुंजत बसू नका. बंदिस्त सभागृहातले शो, चालत बघायच्या गोष्टी, आजीसाठी सावलीतली बाकं, हे सगळं इथे बसवा. जेवण अकराच्या आसपास किंवा अडीचनंतर उरका, नाहीतर राइडची रांग चुकवून काउंटरच्या रांगेत उभे राहाल. पाण्याच्या राइडची रांग उन्हाबरोबर चढते आणि उतरते, त्यामुळे त्या एकतर सकाळीच करा किंवा ऊन कललं की. सकाळी केल्यात तर सुकं पायताण आणि मुलांचे कपडे सोबत हवेत, दिवसभर ओले बूट घालून पाच वर्षांचं मूल चालणार नाही.

मिरवणूक किंवा मोठा शो चालू असतो तेव्हा पार्कच्या दुसऱ्या टोकाच्या रांगा आटतात. तेवढ्यात तिकडचं एखादं काम उरकून घ्या. शो संपल्यावर मात्र त्याच्या दाराजवळच्या राइडपासून लांब राहा.

राइड मध्येच बंद पडली तर? कोस्टरचा रूळ टप्प्यांमध्ये विभागलेला असतो आणि पुढच्या टप्प्यात गाडी असेल तर मागची पुढे जाऊच शकत नाही. एखाद्या सेन्सरनं शंका घेतली तरी सगळं थांबतं, आणि असं थांबणं बरेचदा थोड्या वेळात सुटतं. तुम्ही अगदी पुढे पोचला असाल तर पंधरा-वीस मिनिटं थांबून बघा. पण वर अडकलेल्या लोकांना पायऱ्यांवरून उतरवायला लागले, किंवा विजा चमकतायत म्हणून उघड्यावरच्या राइड बंद केल्या, तर सरळ निघा. बंद राइड अ‍ॅपवर पुन्हा चालू दिसली आणि तुम्ही जवळच असाल, तर लगेच गाठा. तिची रांग तेव्हा जवळपास रिकामी असते.

आता फास्ट पास. डिस्नेनं तो 1999 मध्ये फुकट सुरू केला आणि 2021 मध्ये बंद करून पैसे घेणारी पद्धत आणली. हल्ली बहुतेक मोठ्या पार्कमध्ये पैसे देऊनच पुढे जाता येतं. याचा साध्या रांगेवर परिणाम होतो: दोन रांगा जिथे मिळतात तिथे कर्मचारी पासवाल्यांना जास्त संख्येनं सोडतो, म्हणून छोटी दिसणारी साधी रांगही रखडते. घ्यायच्या आधी दोन गोष्टी वाचा. एक, पास प्रत्येक राइडला एकदाच चालतो की कितीही वेळा. दोन, यादीतल्या किती राइडना तुमच्या मुलीची उंची पुरते. सहा जणांच्या गटात चौघं मोठे असते तर मी 'घ्या' म्हणालो असतो. तुमच्या बाबतीत मुलगी आणि आजी निम्म्या राइडना बसणारच नाहीत, म्हणून सगळ्यांसाठी नको. फार तर तुम्ही आणि मुलगा यांच्यापुरता घ्या, तोही एक-दोन राइड सुटेनात तरच.

त्याऐवजी अदलाबदलीची सोय विचारा. बऱ्याच पार्कमध्ये एक पालक मुलासोबत रांगेतून जाऊन येतो, मग दुसरा पालक परत पूर्ण रांग न लावता बसतो, आणि काही ठिकाणी मोठ्या मुलाला दोघांबरोबरही बसू देतात. रांगेच्या तोंडाशी उभ्या कर्मचाऱ्याला आधी सांगावं लागतं, मागून नाही. आजी धाकटीजवळ बसायला तयार असतील तर हेही लागत नाही, तुम्ही दोघं मुलाला घेऊन सरळ जा. 'सिंगल रायडर' रांगेत उरलेल्या एकेकट्या जागा भरतात, ती झपाट्यानं सरकते, पण दहा वर्षांच्या मुलाला एकट्यानं त्यात घेतील की नाही हे पार्कच्या नियमावर आहे. मोठ्यांपैकी एखाद्यानं तिथून जाऊन यायला हरकत नाही.

आणि गाजलेली ती कोस्टर शेवटच्या तासाला ठेवा. बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत शिरलेल्यांना बहुतेक पार्क बसवूनच सोडतात, फक्त त्या राइडची रांग नेमकी किती वाजता बंद होते हे दुपारीच विचारून ठेवा, कारण काही राइड पार्कच्या आधी मिटतात.