हॅरिस शिल्डचे लॉर्ड हॅरिस नेमके कोण होते?

मुंबईच्या शालेय क्रिकेटमधील हॅरिस शिल्ड ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते चौथे लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. वडील त्रिनिदादचे गव्हर्नर असल्याने त्यांचा जन्म १८५१ मध्ये तेथेच झाला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण जिंकणाऱ्या फौजेचे सेनापती जनरल हॅरिस हे त्यांचे पणजोबा. इंग्लंडचे कर्णधारपद भूषवलेल्या या गव्हर्नरच्या कारकिर्दीत समुद्रकाठी हिंदू व मुस्लिम जिमखान्यांना जागा मिळाल्या. तरीही केवळ क्रिकेटवरून त्यांचे मोठेपण ठरवणे मला पटत नाही, कारण ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत भीषण दंगल उसळली असताना ते पुण्यात होते आणि शहरात परतण्यास लावलेल्या विलंबाबद्दल त्यांच्यावर कडक टीका झाली.