मिस्त्रींचा हात पोरांना कसा येणार?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे. आमचे वेल्डर मिस्त्री पुढच्या वर्षी काम सोडणार, आणि पाइपच्या जोडाला त्यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. आयटीआयची दोन पोरं त्यांच्या हाताखाली दिलीत, पण मिस्त्री सांगतात काय तर "बघ आणि शिक". आता एकजण व्हीआरचं वेल्डिंग सिम्युलेटर, म्हणजे हेल्मेट घालून खोट्या जोडावर हात बसवायचं मशीन, घ्या म्हणून मागे लागलाय. घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण लगेच नको. त्या सेल्सवाल्याला तुमच्या शॉपमध्येच डेमो द्यायला लावा आणि पहिल्यांदा हेल्मेट मिस्त्रींच्या डोक्यावर चढवा, पोरांच्या नाही. त्यांनाच त्यात कमी मार्क पडले तर ते मशीन तुमच्या कामाचं नाही, आणि चांगले पडले तर तोच पोरांचा पासिंग स्कोअर. ही आयडिया माझी नाही हां, अमेरिकेत येल विद्यापीठात दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी १६ शिकाऊ सर्जन घेऊन असाच प्रयोग झाला होता, २००२ साली तो छापून आला, त्यात निम्म्यांना सिम्युलेटरवर बसवलं पण तास भरले म्हणून सोडलं नाही, तज्ज्ञ सर्जनांच्या लेव्हलला पोचेपर्यंत घासून घेतलं, आणि मग खऱ्या पेशंटवर पित्ताशय सोडवताना बाकीच्यांच्या हातून इजा व्हायची शक्यता पाचपट निघाली!

वेल्डिंगमध्ये हे सिम्युलेटर काय करतं तर टॉर्चचा कोन, हाताचा स्पीड, जॉबपासूनचं (म्हणजे जोडायच्या तुकड्यापासूनचं) अंतर मोजून तिथल्या तिथे दाखवतं. मिस्त्री "अरे हळू" म्हणून ओरडतात तेव्हा किती हळू ते पोराला कळत नाही, इथे कळतं, आणि रॉड, गॅस, प्लेट काहीच वाया जात नाही. हात बसायला बेस्ट. पण तापून जॉब खेचला जातो, फिटिंगमध्ये गॅप एकीकडे जास्त एकीकडे कमी येतो, धूर, ठिणग्या, अडचणीत वाकून बसणं, हे सगळं खऱ्या जॉबवरच भेटतं.

आणि "बघ आणि शिक" म्हणतात म्हणून मिस्त्रींवर चिडू नका, ते काही लपवत नाहीत, इतक्या वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगण्यासारखं काही आहे हेच त्यांना वाटत नसणार. मग ते काढून घ्यायचं कसं? मोबाइलच्या लेन्ससमोर वेल्डिंगच्या हेल्मेटची १० किंवा ११ नंबरची काळी काच धरून त्यांचा रूट पास, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर, शूट करा (काच नसेल तर नुसता पांढरा गोळा दिसेल आणि कॅमेराही खराब होऊ शकतो), मग चहाच्या वेळी तोच व्हिडिओ लावा आणि मध्ये मध्ये थांबवून विचारा, इथे हात पुढे का काढला? नजर कुठं होती? पोराने इथे काय घाण केली असती? ते म्हणतील कीहोल (वितळताना जोडात पडतं ते छोटं भोक) मोठं व्हायला लागलं होतं, अजून थांबलो असतो तर आत मटेरियल लोंबलं असतं. हे वाक्य कुठल्याच मशीनमध्ये भरलेलं नसतं, ते रेकॉर्ड करून ठेवा.

त्यानंतर भंगारातल्या पाइपचे तुकडे पोरांना द्या, जोड मारू दे, कापून वाकवून आत पेनिट्रेशन किती झालंय, म्हणजे वितळलेलं मटेरियल किती खोल गेलंय, ते त्यांचं त्यांनाच बघू दे.

अजून एक, मिस्त्रींना पगार नाही तर जॉबच्या नगावर पैसे देत असाल तर शिकवण्याच्या तासांचे वेगळे द्या, नाहीतर स्वतःची मजुरी बुडवून ते पोराच्या हातात होल्डर कशाला देतील?